आजोळची स्वीडिश रायफल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणीतरी जुन्या हुबळीवर लिहितो. कोणी दाजीबान पेठेवर, कोणी रेल्वे वर्कशॉपवर, कोणी दुर्गदबैलातल्या संध्याकाळच्या गिरमिट-भजीवर. मी लेखक नव्हे. मेकॅनिकल डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला माणूस. आयुष्य फायलींत गेले. पण गेल्या तीन वर्षांत घरातल्याच एका वस्तूमुळे मला बराच इतिहास चाळावा लागला. ती वस्तू म्हणजे माझ्या आजोळची रायफल. आपल्यापैकी अनेक घरांत आजोबा-पणजोबांची बंदूक असेल, निदान तिचा परवाना तरी ट्रंकेच्या तळाशी पडलेला असेल. म्हणून संपादक मंडळींनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घेतला.

माझे आजोळ कलघटगीच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. भाताची शेती, थोडा ऊस, आणि रात्री रानडुकरांचा उपद्रव. खंडेनवमीला सोप्यात पाट मांडायचा. त्यावर विळे, कोयते, नांगराचा फाळ, आजोबांची लोखंडी मोजपट्टी आणि मधोमध रायफल. आजी सगळ्यांना हळदकुंकू लावायची. रायफलीला मात्र आजोबा स्वतःच गंध लावत, झेंडू वाहत. आम्हा मुलांना तिला हात लावायची मुभा नव्हती. ती झाडलेली मी एकदाही ऐकली नाही. आजोबा म्हणत, "बंदूक वाजवायला नसते रे, राखायला असते." त्या वाक्याचा अर्थ कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

किल्ल्याजवळची गिरणी

रायफलीच्या नळीवर इंग्रजी अक्षरांत एक नाव कोरलेले होते. लहानपणी आम्ही ते वाटेल तसे वाचायचो. खरा उच्चार 'हुस्कवार्ना'. हे स्वीडनमधल्या एका गावाचे नाव आणि तिथल्या कारखान्याचेही. १६८९ साली स्वीडनच्या राजासाठी बंदुका घडवायला तो सुरू झाला. गावाजवळच्या धबधब्याच्या पाण्यावर यंत्रे फिरत. नावाची फोड मला फार आवडली. 'हुस' म्हणजे तिथला जुना गढीवजा किल्ला आणि 'क्वार्न' म्हणजे गिरणी. किल्ल्याजवळची गिरणी! आपले दुर्गदबैल म्हणजे तरी काय? कन्नडमध्ये दुर्ग म्हणजे किल्ला आणि बैल म्हणजे मोकळे मैदान. किल्ल्याजवळचे मैदान. किल्ला कुठे गेला ते कोणी विचारत नाही, नाव मात्र राहिले.

या कारखान्याने पुढे बंदुकांच्या जोडीला इतर कामे धरली. १८७२ पासून शिवणयंत्रे, १८९६ पासून सायकली, १९०३ पासून मोटरसायकली. नळीला भोक पाडणारे आणि पोलाद तासणारे हात शिवणयंत्राच्या सुया-दांड्यांनाही उपयोगी पडले. १९५९ पासून झाडे कापायच्या यंत्री करवतीही ते करू लागले. आज ते नाव आपल्याकडे ठाऊक असेल तर या करवतींमुळेच. हुस्कवार्नातला बंदुकांचा कारखाना १९८९ मध्ये बंद झाला, म्हणजे बरोबर ३०० वर्षांनी.

आजोबांची रायफल 'बोल्ट अ‍ॅक्शन' जातीची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी घराच्या दाराची कडी डोळ्यांपुढे आणावी. कडीचा दांडा वर उचलून मागे ओढला की दार उघडते. पुढे सरकवून खाली दाबला की दार बंद होते. रायफलीतही तसेच. बोल्ट मागे ओढला की झाडलेले रिकामे टरफल बाहेर पडते. पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत जाते. खाली फिरवला की बोल्टच्या तोंडाची दोन पोलादी दातरे खाचेत अडकतात आणि स्फोटाचा सारा जोर पेलतात. ही रचना जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या माउझर बंधूंनी नावारूपाला आणली.

स्वीडनने १८९४ मध्ये आणि नंतर १८९६ मध्ये माउझरची रायफल आपल्या सैन्यासाठी स्वीकारली. तिचे काडतूस साडेसहा मिलिमीटरचे होते. सुरुवातीच्या रायफली जर्मनीत घडल्या, पण स्वीडनची अट होती की पोलाद स्वीडनचेच हवे. पुढे एस्किल्स्टूना गावच्या कार्ल गुस्ताफ कारखान्यात त्या मोठ्या संख्येने झाल्या, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हुस्कवार्नातही झाल्या. स्वीडन दोन्ही महायुद्धांत तटस्थ राहिला, त्यामुळे यातल्या बहुतेक रायफलींच्या वाट्याला खंदकातला चिखल आला नाही. याच जातीच्या बोल्टवर हुस्कवार्नाने शिकारीच्या रायफली बांधल्या. आजोबांची त्यातली एक. तिचे काडतूस साडेसहाचे नसून नऊ दशांश तीन मिलिमीटरचे, तिकडच्या मोठ्या सांबरासारख्या 'एल्ग' प्राण्याच्या शिकारीचे.

हलगली आणि नरगुंद

स्वीडनमधली रायफल कलघटगीत कशी आली हे सांगण्याआधी आपल्या भागात बंदूक बाळगणे म्हणजे काय होते, ते सांगायला हवे. ते कळले नाही तर आजोबा त्या लोखंडाला गंध का लावत, हे कळणार नाही.

१८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाला आणि इंग्रज सरकारने शस्त्रे जप्त करण्याचा कायदा आणला. हत्यारे नोंदवा, परवाना घ्या, नाहीतर जमा करा. मुधोळ संस्थान तेव्हा घोरपड्यांचे. त्यातल्या हलगली गावचे बेडर लोक पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे बाळगणारे. शिकार आणि शिपाईगिरी हेच त्यांचे जगणे. त्यांनी हत्यारे द्यायचे नाकारले. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस इंग्रजी फौज हलगलीवर चालून गेली. गाव जाळले. १९ जणांना फाशी दिले, काहींना मुधोळात बाजाराच्या दिवशी आणि उरलेल्यांना हलगलीतच. हलगलीच्या या लढाईचा पोवाडा कन्नडमध्ये लोकांच्या तोंडी राहिला. जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने तो लिहून घेऊन छापला.

पुढच्या वर्षी नरगुंद. हुबळीहून नवलगुंदच्या रस्त्याने गेले की तो डोंगर दुरूनच दिसतो. तिथले संस्थानिक भास्करराव उर्फ बाबासाहेब भावे. दत्तकाला मंजुरी मिळाली नाही आणि त्यातच शस्त्रबंदीचा जाच. २९ मे १८५८ च्या रात्री सुरीबान इथे पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. जूनच्या पहिल्या तारखेला इंग्रजांनी नरगुंद घेतले आणि १२ जूनला बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिले. त्याच सुमारास मुंडरगीच्या भीमरावांनी कोप्पळचा किल्ला घेतला आणि तिथेच ते लढताना पडले.

या तिन्ही घटनांची कारणे निरनिराळी होती. पण एक धागा सर्वांत आहे. माणसाच्या हातातले हत्यार काढून घेणे म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असे जाहीर करणे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात भारतीय शस्त्र कायदा झाला आणि हा अविश्वास कायमचा छापील झाला. गोऱ्यांना सूट होती, इथल्या माणसाला परवाना लागे. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ११ मागण्या मांडल्या. त्यांत दारूबंदी होती, मिठावरचा कर होता आणि स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही मागणीही होती. अहिंसेच्या उपासकाने ही मागणी करावी याचे पूर्वी मला नवल वाटे. आता वाटत नाही. ती मागणी बंदुकीपेक्षा विश्वासाची होती.

म्हणून त्या काळी ज्याच्या घरी परवान्याची बंदूक त्याचा गावात मान. सरकारने या घराला विश्वासाचे मानले, असा त्याचा अर्थ.

साहेबांची शिकार, संस्थानिकांची शिकार

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोल्टची रायफल हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांची आवडती झाली. दोन नळ्यांची इंग्रजी रायफल राजेरजवाड्यांना परवडे. बोल्टची त्या मानाने स्वस्त, नेम चोख आणि पाच गोळ्या एकदम भरता येणारी. मराठी वाचकांचा लाडका जिम कॉर्बेट हाच मार्ग चालला. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली. विकली लंडनच्या रिग्बी कंपनीने, पण बोल्ट माउझरचा. आपल्या कर्नाटकच्या जंगलांत फिरलेला केनेथ अँडरसन मात्र .४०५ विंचेस्टर वापरी. ती बोल्टची नव्हे, खालचा दांडा ओढून भरायची.

इकडे दक्षिणेतल्या संस्थानांतही शिकारीचे वेड होते. कोल्हापूरचे शाहू महाराज चित्त्यांकडून शिकार करवत. संस्थानिकांचे राखीव शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. मुधोळचे शिकारी कुत्रे तर आजही प्रसिद्ध आहेत. आपल्याजवळचे दांडेली, सुपे, काळी नदीचे खोरे म्हणजे लाकूड कंत्राटदार, जंगल खात्याचे साहेब आणि रेल्वेचे इंजिनिअर यांचे सुट्टीचे रान होते.

सरकारचे लक्ष मात्र काडतुसांवर असे. सैन्याची काडतुसे लोकांच्या बंदुकीत चालू नयेत ही भीती. .४५० या मापाच्या शिकारी रायफली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात बंद केल्या. मग इंग्रज कारखानदारांनी .४७० सारखी नवी मापे काढली. सैन्याची .३०३ सामान्य माणसाला मनाई. तिच्या जागी आपल्याकडे .३१५ रुळली. ती स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात होऊ लागली आणि काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. आजही परवानाधारकाच्या कपाटात बहुधा खडकीचीच डबी निघते.

आजोबांच्या रायफलीचे माप ना .४५०, ना .३०३. म्हणजे मनाई नसलेले. म्हणूनच ती त्यांना घेता आली. १९५० नंतर गोरे साहेब सामान विकून जात होते. दांडेलीकडच्या एका लाकूड कंत्राटदाराने अशाच एका साहेबाकडून ती घेतली होती. काही वर्षांनी त्याच्याकडून आजोबांनी घेतली, रानडुकरांसाठी.

एका परवान्यावर तीन राज्ये

मामा गेल्यावर कागदपत्रे पाहायचे काम माझ्याकडे आले, कारण सरकारी नोकरीतला मीच. ट्रंकेत आजोबांचा परवाना सापडला. पाने पिवळी, कडा कुरतडलेल्या, पण शिक्के स्पष्ट. पहिला शिक्का मुंबई राज्याचा, कारण धारवाड जिल्हा तेव्हा मुंबईत होता. नंतरचा म्हैसूर राज्याचा, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूरमध्ये आलो. त्यानंतरचा कर्नाटकचा, कारण १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचे नाव बदलले. माणूस तोच, सोपा तोच, खुंटी तीच. राज्ये मात्र तीन.

वाचकहो, आपल्या पिढ्यांनी भाषेचे, सीमेचे, शाळांचे प्रश्न सोसले. त्यावर वाद होतात, भाषणे होतात. मला ती सारी कथा या एका पुस्तिकेत दिसली. त्यात तक्रार नव्हती. राज्य कोणाचेही असो, दर नूतनीकरणाला अधिकाऱ्याने या मराठी शेतकऱ्याला विश्वासाचा मानून सही केली होती. आणि आणखी एक गोष्ट. आजोबांचा पहिला परवाना स्वतंत्र भारतात निघाला, पण १८७८ च्याच कायद्याखाली. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला. तोपर्यंत लिटनसाहेबाचाच कायदा चालू होता.

शिकार संपली

१९७२ च्या वाघांच्या मोजणीत देशभरात १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली शिकारही संपली. ज्या काळीच्या खोऱ्यात साहेब मचाण बांधत ते आज काळी व्याघ्र राखीव क्षेत्र आहे. हे योग्यच झाले. रायफलीवर प्रेम असूनही मी हे मनापासून लिहितो. रानडुकराने पीक खाल्ले तरी आज त्याला परवानगीशिवाय मारता येत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा.

मग रायफलीचे काम काय उरले? खंडेनवमीची पूजा, दर नूतनीकरणाला हजेरी आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा. मामा दर निवडणुकीला गोणपाटात गुंडाळून ती एस.टी.ने नेत आणि पावती खिशात घालून परत येत. काडतुसे तर केव्हाच मिळेनाशी झाली होती. डबीत सात उरली होती. दर नूतनीकरणाला त्यांचीही मोजदाद होई.

नवीकोरी करून देतो

मामा गेल्यावर माझ्या मामेभावाने, आमच्या दादाने, रायफल एका मोठ्या शहरातल्या दुकानी दाखवली. तिथले म्हणणे असे, "साहेब, या मापाची गोळी कुठे मिळणार? नळी बदलू, चालू मापाची बसवू. दस्ता नवा, वर दुर्बीण. नवीकोरी करून देतो." दादाला ते पटले. तो बंगळुरात आयटी कंपनीत आहे. जुना फोन बदलून नवा घ्यायचा हा त्याचा रोजचा व्यवहार. मला म्हणाला, "तू मेकॅनिकलचा ना, तूच सांग. गोळी नसलेली बंदूक ठेवून करायचे काय?"

प्रश्न रास्त होता. मी तीन बाजूंनी विचार केला.

पहिली बाजू यंत्राची. १८९६ च्या बोल्टला पुढे दोन दातरे. १८९८ मध्ये माउझरने सुधारित बोल्ट काढला. त्यात मागे तिसरे दातरे सुरक्षेसाठी दिले, नळी जिथे बसते तो कडा जाड केला, आणि काडतूस फुटून वायू मागे आला तर तो नेमबाजाच्या डोळ्याकडे न जाता बाजूला वळेल अशी सोय केली. म्हणजे ९६ ची रचना वाईट नव्हे. तिच्या काळच्या काडतुसाच्या दाबाला ती पुरेपूर. पण आजचे जास्त दाबाचे काडतूस तिच्यात घालणे म्हणजे जुन्या बैलगाडीच्या कण्याला ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणे. चालेलही. पण मोडेल तेव्हा तोंडापासून चार बोटांवर मोडेल.

दुसरी बाजू कायद्याची. बंदुकीची दुरुस्ती, फेरबदल, चाचणी हे सारे परवाना असलेल्या कारागिरानेच करायचे. नळी आखूड करायला वेगळी परवानगी. बंदुकीवरचा ओळख क्रमांक घासणे किंवा बदलणे हा गुन्हा. आणि परवान्यावर जे माप लिहिले आहे ते बदलायचे तर आधी परवाना बदलून घ्यायला हवा. दुकानात "सगळे होऊन जाईल" असे ऐकले की आमच्या कार्यालयातल्या माणसाचे कान टवकारतात.

तिसरी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८० च्या सुमारास मामांनी ही रायफल एका कारागिराकडे गंज काढायला दिली होती. त्याने ती घासून-पुसून काळीभोर, आरशासारखी केली. मामा खूश. पण घासताना नळीवरचा कारखान्याचा शिक्का अर्धा गेला. आज मला ती कोणत्या वर्षी घडली हे ठामपणे सांगता येत नाही, आणि यापुढे कोणालाच सांगता येणार नाही. हेतू चांगला होता. चकचकीत झाली, पण तिचे वय पुसले गेले.

परदेशांतही हेच घडले. युद्धानंतर स्वीडिश माउझर मोठ्या संख्येने बाजारात आल्या. स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत हजारो लोकांनी नळ्या कापल्या, दस्ते तासले, दुर्बिणीसाठी भोके पाडली. तेव्हा ते सुधारणे वाटले. आज जिच्या सुट्या भागांवरचे क्रमांक मूळ क्रमांकाशी जुळतात आणि जिच्या दस्त्यावर नळीची अवस्था सांगणारी पितळी चकती शाबूत आहे, तिलाच जाणकार मोल देतात. कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही. कॉर्बेटची रिग्बी पाहा. तिच्या दस्त्यावर ती कोणी, कोणाला, कशासाठी दिली हे सांगणारी चांदीची पट्टी आहे. कोणी 'नवीकोरी' करण्याच्या नादात दस्ता बदलला असता तर उरली असती दुसऱ्या कोणत्याही रायफलीसारखी एक रायफल. ती जशीच्या तशी राहिली, म्हणून २०१५ मध्ये ज्या रिग्बी कंपनीने ती विकली होती तिनेच ती परत मिळवली.

दादाला मी एवढेच म्हटले, "आजोबांचा फोटो फाटला म्हणून आपण त्यांच्या चेहऱ्यावर नवा चेहरा लावतो का?" तो हसला, पण त्याने दुकानाला नाही कळवले.

वारसा कागदाचा

मग प्रश्न उरला वारसाचा. इथे आपल्या समाजात मोठे अज्ञान आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घरचा परवानाधारक गेला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. परवान्याशिवाय ती घरात ठेवणे गुन्हा ठरते, मग ती कपाटात कुलूपबंद का असेना. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. मग वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा. २०१६ च्या नियमांत आणखी एक चांगली सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना करून घेता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका आणि परवान्याची मुदत पाच वर्षे केली आहे. वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. आणि बंदूक कधीच चालू शकणार नाही अशा अवस्थेतली, केवळ पुराणवस्तू असेल, तर तिची गोष्ट कायद्यात वेगळी आहे. पण ते आपण ठरवायचे नाही, अधिकाऱ्यांना दाखवूनच ठरवायचे.

मुदतीत काहीच केले नाही तर जमा केलेली बंदूक सरकारजमा होऊ शकते. मग तिच्याबरोबर घराण्याची एक खूणही जाते. मुले पुण्यात, बंगळुरात, परदेशात. म्हातारी आई इथे एकटी, तिला पावती म्हणजे काय ते ठाऊक नाही. अशी किती घरे असतील?

आपल्याच राज्यात एक वेगळे उदाहरण आहे. कोडगूच्या कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून, १८६१ पासून, बंदुकीच्या परवान्याची सूट आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. सप्टेंबरात त्यांचा कैलपोद हा शस्त्रपूजेचा सण असतो. मूल जन्मले की ते बंदुकीची फैर झाडतात. त्याच चार-पाच वर्षांत हलगलीची हत्यारे काढून घेतली गेली आणि कोडगूची राहू दिली, हा इतिहासाचा योगायोग. पण ज्यांना सूट मिळाली त्यांनी ती मानाने सांभाळली, हेही खरे. स्वीडनमध्येही शिकाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते, मग परवाना. कोठेही पाहा, बंदूक लोखंडाच्या जोरावर टिकत नाही, विश्वासाच्या जोरावर टिकते.

आमची रायफल सध्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या सुरक्षित ताब्यात आहे. दादाने वारसाचा अर्ज केला आहे. पोलीस पडताळणी झाली, फाईल पुढे सरकते आहे. ती किती सरकेल ते मला, फायलींतल्या माणसाला, बरोबर ठाऊक आहे! सात काडतुसे नियमाप्रमाणे रायफलीबरोबरच जमा केली. परवाना मिळाला तर ती परत खुंटीवर येईल, जशी होती तशी. अर्धा पुसलेला शिक्का, दस्त्यावरचा आजोबांच्या अंगठ्याने झिजलेला भाग, सारे तसेच. नाही मिळाला तर एखाद्या संग्रहालयाने घ्यावी म्हणून प्रयत्न करणार. कापून, बदलून मात्र नाही.

दरम्यान मी एक केले. जमा करण्याआधी रायफलीचे, तिच्या प्रत्येक शिक्क्याचे आणि परवान्याच्या प्रत्येक पानाचे फोटो काढले. आजीचे वय ८९. तिच्याजवळ बसून जे जे आठवते ते लिहून घेतले. कंत्राटदाराला किती रुपये दिले ते तिला आठवत नाही. पण त्या वर्षी घरात नवे लुगडे आले नाही, हे तिला अजून आठवते.

मंडळाच्या सभासदांना माझी विनंती एवढीच. ज्यांच्या घरी अशी जुनी बंदूक आहे त्यांनी या दसऱ्याच्या आत परवान्याची मुदत पाहावी. परवानाधारक ज्येष्ठ असतील तर वारसाचे काम त्यांच्या हयातीतच मार्गी लावावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून काही घासू, कापू, बदलू नये. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तिची हकीकत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अशा दहा हकीकती आल्या तर धारवाड जिल्ह्याच्या मराठी घरांचा मोठा इतिहास हाती लागेल.

परवा मंडपात मूर्ती बसली तेव्हा मी आरतीच्या वेळी बाप्पाचे हात पाहत होतो. एका हातात परशू, एका हातात अंकुश, एका हातात मोदक आणि चौथा हात आशीर्वादाचा. हातात शस्त्र असून तो विघ्नहर्ता आहे, कारण ते कधी उचलायचे नाही हे त्याला ठाऊक आहे. आजोबांना जे म्हणायचे होते ते बहुधा हेच.

गणपती बाप्पा मोरया!